पिंटरेस्टवरची कॉन्झर्व्हेटरी आपल्या परसात बसेल का, हे फोटोवरून कसं ओळखायचं?

रेडिंगकरीण

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधलं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूनं शेजाऱ्याला जोडलेलं, घर आहे. मागच्या बाजूला कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली, बांधायची आहे. मागची भिंत ५.४ मीटर रुंद, तोंड नैऋत्येला. त्याच भिंतीत स्वयंपाकघराचं दार, एक खिडकी आणि बॉयलरच्या धुराड्याचं तोंड आहे. वर बेडरूमची खिडकी.

वापर असा: सहा जणांचं जेवणाचं टेबल, एका कोपऱ्यात तुळस, कढीपत्ता, मोगरा. पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामवर भरपूर फोटो साठवले आहेत. अडचण अशी की सगळेच आवडतात आणि त्यातलं आपल्या घराला काय लागू पडेल ते कळत नाही. काळ्या बारीक पट्ट्यांची काचघरं, विटांच्या खांबांची ऑरेंजरी, व्हिक्टोरियन टोकदार छत, सगळी खिचडी झाली आहे. फोटो बघायचे कसे, निवडायचे कसे आणि ठेकेदाराला नेमकं काय दाखवायचं, हे जाणकारांनी सांगावं.

विटकर

ताई, फोटो आवडला की नाही हे बाजूला ठेवा, आधी तो मोजा. त्यासाठी विटा आहेत.

ब्रिटनमधली आजची प्रमाणित वीट २१५ × १०२.५ × ६५ मिमी. त्यात १० मिमी मसाला धरला की एक थर ७५ मिमीचा, म्हणजे ४ थर बरोबर ३०० मिमी. फोटोतल्या कॉन्झर्व्हेटरीच्या खालच्या बुटक्या भिंतीचे थर मोजा. ८ निघाले तर भिंत ६०० मिमी, जी नेहमीची उंची आहे. ४ किंवा ५ च असतील तर काच जवळजवळ जमिनीपासून सुरू होते, आणि फोटोतला तो मोकळेपणा तिथून येतो. रुंदीसाठी एक वीट मसाल्यासकट २२५ मिमी धरायची. भिंतीत लांब आणि आखूड विटा आलटून पालटून दिसत असतील तर लांब-आखूड जोडी साधारण ३३७ मिमी होते. जुन्या घरांच्या विटा इंचांच्या मापातल्या आणि किंचित मोठ्या असतात, त्यामुळे थोडा फरक पडेल. तुमच्या घराच्या विटाही त्यातल्याच असणार. अंदाज बांधायला तेवढं चालतं.

एकच पथ्य: ज्या वस्तूचं माप हवं ती आणि विटा एकाच प्रतलात असायला हव्यात. समोरच्या भिंतीच्या विटा मोजून मागच्या दाराची उंची काढू नका. आतल्या फोटोत विटा नसतील तर जेवणाच्या खुर्चीची बैठक ४५ सेंमी आणि दार साधारण २ मीटर धरा. फोनच्या अतिरुंद लेन्सनं, म्हणजे ०.५ च्या बटणानं, काढलेल्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कडेची कुंडी लंबगोल दिसली की समजायचं, खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते आहे.

आता तुमच्या काळ्या बारीक पट्ट्या. पट्टीची जाडी शेजारच्या विटेच्या उंचीशी ताडून बघा. पट्टी विटेपेक्षा, म्हणजे ६५ मिमीपेक्षा, बारीक असेल तर ते काम बहुतेक वेळा स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकट आणि उघडणारी झडप मिळून १० ते १२ सेंमी सहज होतात. यूपीव्हीसीचा दर देणाऱ्या माणसाला स्टीलचा फोटो दाखवला की तो मान डोलावतो, आणि प्रत्यक्षात काळ्या रंगाची जाड चौकट येते. रंग तोच असतो, जाडी दुप्पट. फसवणूक म्हणता येत नाही, कारण कागदावर जाडी कोणी लिहिलेलीच नसते.

साठवलेल्या फोटोंसाठी पिंटरेस्टवर एक खासगी बोर्ड करा आणि त्याचे विभाग शैलीप्रमाणे करू नका, भागांप्रमाणे करा: छत, खालची भिंत, दारं, घराच्या भिंतीशी जोड, पावसाचं पाणी. प्रत्येक पिनला टीप जोडता येते, तिथे एका ओळीत लिहा की या फोटोतलं नेमकं काय हवं आहे. ‘छान उजेड’ असं लिहू नका. ‘छताला दोन उघडणाऱ्या खिडक्या, दार बाहेर उघडतं’ असं लिहा. ज्या फोटोला अशी ओळ सुचत नाही तो काढून टाका. ‘घराच्या भिंतीशी जोड’ हा विभाग रिकामा राहिला तर नवल वाटून घेऊ नका. ती जागा कोणी फोटोत दाखवत नाही, आणि गळते तीच.

नकाशेवाली

विटकरांच्या मोजमापाला पुढे नेते. फोटोतलं माप कळलं की ते नियमांच्या चौकटीत बसतं का ते बघायचं. खालचं सगळं इंग्लंडपुरतं. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

प्लॅनिंगची परवानगी न घेता, म्हणजे परमिटेड डेव्हलपमेंटखाली, सेमी किंवा टेरेस (रांगेतल्या) घराला मागे ३ मीटरपर्यंत एकमजली बांधकाम चालतं, स्वतंत्र घराला ४ मीटर. ही लांबी मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून मोजतात. मूळ म्हणजे घर बांधलं तेव्हाचं, किंवा घर जुनं असेल तर १ जुलै १९४८ रोजी होतं तसं. आधीच्या मालकानं मागे काही वाढवलेलं असेल तर ते या ३ मीटरांत धरलं जातं. जास्त हवं असेल तर प्रायर अप्रूव्हलची वाट आहे: सेमीला ६ मीटरपर्यंत, शेजाऱ्यांना सूचना जाते आणि कौन्सिलकडे ४२ दिवस असतात. उंची ४ मीटरच्या आत, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधत असाल तर छताची खालची कड ३ मीटरच्या आत. घराभोवतालच्या मूळ जागेपैकी निम्म्याहून जास्त झाकता येत नाही. संवर्धन क्षेत्रात आणि काही नव्या वसाहतींत ही सूट कमी किंवा काढून टाकलेली असते, त्यामुळे कौन्सिलकडे विचारा. बांधकाम कायदेशीर असल्याचं पत्र हातात हवं असेल तर लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट मागा. घर विकताना वकील तेच मागतो.

३ मीटर बाहेरून आहेत हे विसरू नका. पोकळीची भिंत (मध्ये फट ठेवलेले विटांचे दोन थर) ३०० मिमी गेली की आत उरतात २.७. टेबल ९० सेंमी रुंद, दोन्ही बाजूंना खुर्ची मागे सरकवायला ९०-९० सेंमी. झाले २.७. म्हणजे टेबल घराच्या भिंतीला समांतर ठेवलंत तर सगळे बसल्यावर मागून कोणी वाढायला जाऊ शकणार नाही. टेबल आडवं न ठेवता ५.४ मीटरच्या एका टोकाला ठेवा आणि झाडांचा कोपरा दुसऱ्या टोकाला. फोटो निवडताना लांबट, उथळ खोल्याच निवडा. चौकोनी खोल्यांचे फोटो तुमच्या कामाचे नाहीत, कितीही सुंदर असले तरी.

दुसरा फास बिल्डिंग रेग्युलेशन्सचा, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या नियमांचा. कॉन्झर्व्हेटरीला त्यातून सूट मिळते ती काही अटींवर: जमिनीवर असावी, आतलं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आत, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचं दार-भिंत कायम असावी, आणि तिची उष्णता घराच्या व्यवस्थेपासून वेगळी, स्वतंत्र बटणाची असावी. काच आणि वीज यांना मात्र नियम लागूच. जमिनीपासून ८०० मिमीच्या आतली काच सुरक्षा काच हवी. दारात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ३०० मिमीपर्यंत ही मर्यादा १५०० मिमी उंचीपर्यंत जाते. काचेच्या कोपऱ्यात त्याचा शिक्का असतो, तो बसवायच्या दिवशी बघून घ्या.

इन्स्टाग्रामवरचे अर्धे फोटो या अटीत नापास होतील. स्वयंपाकघर आणि काचघर यांच्यातलं दार काढून एकच मोठी खोली केलेली, त्यात घराचाच रेडिएटर ओढलेला. दिसायला झकास. पण तशी खोली कायद्याच्या नजरेत एक्स्टेन्शन आहे, तिला बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे हे नियम तपासणाऱ्यांची, मंजुरी लागते, आणि इतक्या काचेला ती मिळवायची तर उष्णतेचे हिशेब मांडावे लागतात. करता येतं. फक्त ठेकेदाराशी बोलायच्या आधी ठरवा की दार राहणार आहे की जाणार आहे.

लीड्सचा_लंब्या

फोटोत कधीच न दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. तुमच्या वर्णनात त्यातली एक आधीच आहे.

बॉयलरचं धुराडं. ते तोंड कॉन्झर्व्हेटरीच्या आत उघडं ठेवता येत नाही, विषारी वायूचा प्रश्न आहे. ते हलवावं किंवा लांबवावं लागेल, आणि ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचंच. कॉन्झर्व्हेटरीच्या दरपत्रकात ते बहुधा नसतं. आधी विचारा.

१९३० च्या घरांत तळमजल्याची जमीन पुष्कळदा लाकडी, खाली पोकळी असलेली असते. मागच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा दिसतात का बघा. त्यातून त्या पोकळीत वारा जातो. कॉन्झर्व्हेटरीचा काँक्रीटचा पाया त्यांच्यासमोर ओतला की वारा बंद, आणि काही वर्षांनी आतल्या तुळया कुजतात. उपाय सोपा आहे: काँक्रीट ओतण्याआधी त्या जाळ्यांपासून नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नळ्या टाकायच्या. नंतर करायचं म्हटलं तर फरशी फोडावी लागते.

अंगणात गटाराचं झाकण असेल तर ते कुठे येतं ते बघा. सार्वजनिक सांडपाणी वाहिनीपासून ३ मीटरच्या आत बांधायचं तर पाणी कंपनीची बिल्ड-ओव्हर मंजुरी लागते. शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या जुन्या नळ्या १ ऑक्टोबर २०११ पासून बहुतेक कंपन्यांच्या ताब्यात गेल्या आहेत, त्यामुळे ‘ही आमचीच नळी आहे’ हा समज सेमी घरात बरेचदा खोटा ठरतो. शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत आणि त्याच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर पार्टी वॉल कायदा, १९९६ प्रमाणे एक महिना आधी लेखी नोटीस. चिकणमाती आणि जवळ झाड असेल तर पाया १ मीटर किंवा त्याहून खोल जातो, म्हणून हे लागू पडायची शक्यता मोठी.

जोडाबद्दल विटकर बोलले ते खरं. छत जिथे घराच्या भिंतीला टेकतं तिथे वर नुसती शिशाची पट्टी खोचून भागत नाही. तुमची भिंत पोकळीची असेल तर तिच्या बाहेरच्या थरातून झिरपलेलं पाणी आता एका खोलीच्या आत उतरतं. ते अडवून बाहेर काढायला भिंतीत कॅव्हिटी ट्रे बसवतात. दरपत्रकात हा शब्द शोधा.

रेडिंगकरीण

बापरे, जाळीच्या विटा आहेत, तीन. झाकण मात्र बाजूच्या बोळात आहे. सर्वांचे आभार.

आता छताबद्दल. रील्समध्ये सगळीकडे काचेचं छत काढून कौलारू छत बसवताना दाखवतात. आम्ही सुरुवातीलाच तसं करावं का? की काचच बरी? आणि व्हिक्टोरियन आकार यांना फार आवडतो.

काचबिंदू

त्या रील्स बघाच, पण छतासाठी नाही, कारणासाठी. लोक छत का काढतायत? पूर्वीची बरीच छतं पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्याची, होती: पावसात ताशा वाजतो, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात शीतपेटी. चांगल्या काचेच्या छताची तुलना त्याच्याशी करू नये.

तुमचं तोंड नैऋत्येला, म्हणजे जूनमध्ये दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत ऊन तुमच्याकडेच. दक्षिण इंग्लंडात जूनच्या मध्यान्ही सूर्य साधारण ६२ अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम १५ वर. उन्हाळ्यातलं ऊन छतातून येतं, हिवाळ्यातलं समोरच्या काचेतून. त्यामुळे छताला सूर्यनियंत्रक काच आणि उभ्या भिंतींना साधी कमी-उत्सर्जनाची (आतली ऊब धरून ठेवणारी) काच, ही जोडी तुमच्या घराला योग्य. काचेच्या तपशिलात जी-मूल्य, म्हणजे उन्हातली किती ऊर्जा आत येते तो आकडा, मागा. साध्या दुहेरी काचेचं ०.७ च्या आसपास असतं, म्हणजे उन्हातली ७० टक्के ऊर्जा आत. छतासाठी ०.३ ते ०.४ बघा. निळसर किंवा करडी झाक येईल, म्हणून नमुन्याचा तुकडा बाहेर उन्हात धरून बघा, दुकानातल्या दिव्याखाली नको.

काच कितीही चांगली असली तरी हवा हलली पाहिजे. छताच्या वरच्या टोकाला उघडणाऱ्या दोन खिडक्या आणि समोर खालच्या पातळीवर उघडणाऱ्या झडपा, दोन्ही हव्यात. फोटो बघताना उघडणाऱ्या काचा मोजा. संपूर्ण बंद काचेचा फोटो असेल आणि आत सोफा असेल, तर तो सोफा जुलैत रिकामाच असणार. आतले पडदे डोळ्यांना आराम देतात, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

कौलारू किंवा भरीव छत करायचं तर बिल्डिंग कंट्रोलचा अर्ज धरूनच चाला. शिवाय तुमच्या मागच्या खोलीचा उजेड जाईल, दिवसा दिवा लावावा लागेल. मधला मार्ग म्हणजे भरीव छतात घराच्या भिंतीलगत काचेचे दोन-तीन पट्टे, म्हणजे उजेड थेट आतल्या खोलीच्या खिडकीवर पडतो.

उताराचा हिशेब वहीवर करा. उतरतं एकपाखी छत, ३ मीटर लांब, बाहेरची कड २.२ मीटरवर. १५ अंशांचा उतार घेतला तर भिंतीशी उंची ८० सेंमीनं वाढते, म्हणजे ३ मीटर. २५ अंश घेतला तर १.४ मीटर वाढते, ३.६ वर जाते. त्यावर पट्टी आणि जोडासाठी १५ सेंमी धरा. आता बाहेर जाऊन वरच्या बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा. तो आकडा सांगेल की कोणते फोटो ठेवायचे.

विटकर

व्हिक्टोरियनबद्दल माझं मत कडक आहे. समोर तीन किंवा पाच तिरपे पाखे, वर कंगोरे आणि टोकाला फिनिअल (शोभेचा कळस), ही मांडणी उंच छताच्या आणि रुंद परसाच्या घराला शोभते. तुमच्याकडे घराच्या भिंतीपासून पुढे आत जागा २.७ मीटर. त्यातले पुढचे दोन कोपरे कापले गेले की टेबल भिंतीकडे सरकतं आणि मग फिरायला जागा नाही. तिरप्या कोपऱ्यात बसतं काय, तर कुंडी.

त्यांना तो आकार फारच हवा असेल तर एकदा लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात घेऊन जा. तिथलं पाम हाउस १८४४ ते १८४८ मध्ये डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांनी उभं केलं. लोखंड आणि वळवलेली काच. तो आकार त्या उंचीला का शोभतो ते तिथे उभं राहिलं की कळतं.

कावळा_कॉव्हेंट्रीचा

शोधायची युक्ती. इंग्रजीत ‘सनरूम’ टाकलंत तर अमेरिकेतली लाकडी, जाळ्या लावलेली घरं येतात, ‘गार्डन रूम’ टाकलंत तर बागेतली सुटी केबिन. त्याऐवजी डच ‘सेरे’, जर्मन ‘विंटरगार्टन’, फ्रेंच ‘वेरांदा’ हे शब्द त्या त्या भाषेच्या स्पेलिंगनं टाका. तिथल्या फोटोंत छताच्या बाहेरून ओढायच्या कनाती बऱ्याच दिसतात. काचबिंदू म्हणतात तो उन्हाचा प्रश्न त्यांनी काचेच्या बाहेरच सोडवलेला असतो. नैऋत्य तोंडाला हे फोटो इंग्रजी फोटोंपेक्षा उपयोगी.

पिंटरेस्टच्या चित्रशोधात पूर्ण फोटो न देता चौकट लहान करून फक्त छताची खिडकी किंवा दाराची कडी निवडा. तसेच तपशील असलेले दुसरे फोटो येतात.

आणि हल्ली बोर्डावर एआयची चित्रं फार. पिंटरेस्ट काहींवर ‘एआय मॉडिफाइड’ अशी खूण लावतं, सगळ्यांवर लागतेच असं नाही. ओळखायचं पाण्यावरून: छताला पन्हळ नाही, उतरता पाइप नाही, तर पाऊस जातो कुठे? मग बिजागऱ्या बघा, काचेच्या पट्ट्या कोपऱ्यात नीट भेटतात का बघा, आणि दोन शेजारच्या वस्तूंच्या सावल्या एकाच दिशेला आहेत का ते.

पूर्ण झालेल्या फोटोंपेक्षा काम चालू असतानाचे व्हिडिओ साठवा, पाया, फरशी, जोड. रंगीत उशा त्यात नसतात, म्हणून लाइक कमी असतात.

नकाशेवाली

ठेकेदाराला बोर्डाची लिंक पाठवू नका. एक पान द्या. त्यावर मागच्या भिंतीचं साधं रेखाचित्र: रुंदी, दार, खिडकी, धुराडं, तिन्ही जाळ्या, वरच्या खिडकीची उंची, आतली आणि अंगणाची जमीन यांतला फरक. खाली जास्तीत जास्त पाच फोटो, प्रत्येकावर बाण आणि एक ओळ. त्याखाली प्रश्न: चौकटीची दिसणारी जाडी किती मिमी, छताच्या काचेचं जी-मूल्य किती, उघडणाऱ्या काचा किती, कॅव्हिटी ट्रे आहे का, जाळ्यांच्या नळ्या आहेत का, धुराडं कोण हलवणार, किंमत २० टक्के व्हॅटसकट की वगळून. हेच पान तिघांना द्या, म्हणजे तीन दरपत्रकं एकमेकांशी ताडता येतात.

रेडिंगकरीण

वरच्या खिडकीची कड ३.३५ मीटरवर आहे. म्हणजे २५ अंश बाद. झाडांचं काय, तुळस जगेल?

काचबिंदू

१५ अंशांना ३.१५ होतात, बसतंय. त्याहून उतार वाढवायला फारशी जागा नाही.

तुळस १० अंश सेल्सिअसच्या खाली तग धरत नाही, आणि उष्णता बंद असलेली काचेची खोली जानेवारीच्या रात्री बाहेरच्यापेक्षा थोडीच उबदार असते. ऑक्टोबरच्या अखेरीस ती आत स्वयंपाकघराच्या खिडकीत आणा. कढीपत्ता थोडी थंडी सोसतो, पण पानं गाळतो. तेव्हा पाणी अगदी कमी करा, नाहीतर मुळं कुजतात. मोगऱ्यालाही हिवाळ्यात आतच जागा द्या. कपडे मात्र तिथे वाळत घालू नका, सगळी वाफ रात्री काचेवर जमते आणि चौकटीच्या खाचेत काळी बुरशी धरते. पापड-कुरडया उन्हाळ्यात खुशाल वाळवा, छताच्या खिडक्या उघड्या ठेवून.